गोल गोठ्याचा ईशान्य कोपरा

हायकेन्सांच्या अंगणात त्या शनिवारी तीन गाड्या उभ्या होत्या आणि एक तिपाई. तिपाई जमीन मोजणाऱ्या मर्लची, वर दुर्बीण लावलेली. अख्ख्या अंगणात तेवढी एकच कोणाची बाजू न घेता उभी होती.

ट्रीनानं आपली गाडी आत आणलीच नाही. ती रस्त्याकडेला टपालपेटीपाशी लावली, तोंड परतीच्या दिशेला करून. भावंडांच्या घरी जाताना गाडीचं तोंड कुठे ठेवावं, एवढं तरी माणसाला बासष्टाव्या वर्षी कळलेलं असतं. मागे ती आली होती पपाच्या दफनाला, सतरा वर्षांपूर्वी. तेव्हा चर्चमध्ये शेवटच्या बाकावर बसून जेवणाआधीच निघून गेली होती. त्याआधीचं येणं म्हणजे खरं तर जाणंच होतं: एकोणीसशे एकोणपन्नासचा जून, एका हातात पेटी आणि दुसऱ्या हातात लिओ माहोनी. लिओ कॅथलिक होता. ल्यूथरन हायकेन्सांच्या घरात यापेक्षा तिनं गाढवाशी लग्न केलं असतं तरी चाललं असतं, फक्त त्याचा बाप्तिस्मा योग्य चर्चमध्ये झालेला हवा होता.

समोर गोठा होता. गोल, अवाढव्य, लाल रंग उडून गुलाबी झालेला, वर घुमट. लिंडेन काउंटीत असे सात गोल गोठे होते. एक वावटळीनं नेला. एक नेमेयर नावाच्या गृहस्थानं आत मांसाला धुरी देता देता स्वतःच जाळला. दोन गोठे मेथडिस्ट चर्चवाल्यांनी पाडले. पहिला गाड्या लावायला जागा हवी म्हणून आणि दुसरा, पहिला पाडताना हात बसला होता म्हणून. दोन आपणहून खाली बसले. उरला तो हायकेन्सांचा.

तो गोल का, याची उत्तरं माणसागणिक वेगळी. काउंटीच्या वारसा समितीच्या पुस्तिकेत छापलं होतं की ओन्नो हायकेन्स हा दूरदृष्टीचा, शास्त्रीय शेतीचा पुरस्कर्ता होता. पाद्री सांगायचे, सैतानाला दडायला कोपरा राहू नये म्हणून. घरात मात्र सांगत ते असं: १९११ साली ओमाला, म्हणजे आजीला, गोठ्याची लांब बाजू घराकडे नको होती, कारण वास, आणि ओपाला, म्हणजे आजोबा ओन्नोला, ती रस्त्याकडे नको होती, कारण येणारेजाणारे खिडक्या मोजून गायी किती ते ताडतात. तीन आठवडे नवराबायकोत अबोला होता. शेवटी कंटाळून सुतारच म्हणाला, "मग बाजूच नको ठेवू या."

आल्मा दारातच उभी होती. एकोणसत्तर वर्षांची, ताठ, एप्रनला इस्त्री.

"आलीस."

"प्रिचर्डबाईंचा फोन आला म्हणून आले."

"मी करणारच होते."

"हो ना. बेचाळीसच तर वर्षं झालीत. घाई कसली."

स्वयंपाकघरात सगळे टेबलाभोवती बसले होते. भाऊ आयलर्ट, टोपी मांडीवर आणि कपाळावर टोपीची पांढरी रेघ. त्याची बायको वांडा, हातात विणकाम. भांडण ऐकताना ती उलट्या टाक्यांची बाही फार सफाईनं विणते. मोजणीवाला मर्ल, कागदांची गुंडाळी घेऊन. आणि मिसेस लेनोर प्रिचर्ड, लिंडेन काउंटी वारसा समितीच्या अध्यक्ष, सचिव आणि बहुतेक बैठकांतल्या एकमेव हजर सदस्य.

आल्मानं चहा ओतला. कपात आधी खडीसाखरेचा खडा. त्यावर कढत चहा पडला की तो तडकल्याचा आवाज यायला हवा, नाही तर चहा वाया. मग कडेनं साय. जर्मनीच्या किनाऱ्यावरून अमेरिकेत आलेल्या या फ्रीसियन घरांत तीन कप होईपर्यंत कामाचा विषय काढत नाहीत, आणि पुरे झालं हे तोंडानं सांगत नाहीत. कपात चमचा उभा करतात. पहिल्याच कपात चमचा उभा करणं म्हणजे यजमानाच्या तोंडावर दार आपटणं.

ट्रीनाचं लक्ष किटलीकडे गेलं. लाल गुलाबांची, नाजूक चोचीची. आईची. पपाच्या मृत्युपत्रात ट्रीनाच्या नावे एकच ओळ होती: तिच्या आईचा चहाचा संच, आणि माझे आशीर्वाद. आशीर्वाद कुठल्या टपालानं येतात कोण जाणे, पण संचही आला नव्हता.

आल्मानं तिची नजर पकडली. "पाठवणारच होते. नाजूक सामान. वाटेत फुटलं असतं."

"सतरा वर्षं खोकं शोधत होतीस?"

"चला!" प्रिचर्डबाई म्हणाल्या आणि पहिल्याच कपाला त्यांनी कामाला हात घातला. आयलर्टच्या भुवया वर गेल्या, आल्माच्या ओठांची चिमटी झाली. पण बाई फ्रीसियन नव्हत्या, त्यांना सांगणार कोण. "हा अर्ज. गोठा एकदा काउंटीच्या वारसायादीत आला की परवानगीशिवाय त्याचा खिळा काढता येणार नाही. फक्त मालकाची सही हवी. आणि मालक कोण, हे या घरात कोणालाच माहीत नाही. आपल्या काउंटीला असला इतिहास आहे!"

"आपल्या काउंटीला चोरीचा इतिहास आहे," वांडा विणकामातून मान वर न करता म्हणाली. ती वेक्सफर्डची, जिथे आधी काउंटीचं न्यायालय होतं. १८६९ साली एका रविवारी वेक्सफर्डचे सगळे पुरुष चर्चमध्ये असताना प्लम ग्रोव्हच्या लोकांनी काउंटीची सगळी दप्तरं गवताच्या गाडीत घालून, वर पाद्र्याचे धुतलेले लेंगे पसरून पळवली, आणि न्यायालय आपल्या गावात बांधलं. त्या न्यायालयाच्या मनोऱ्याला चार घड्याळं आहेत. उत्तरेकडचं अकरा मिनिटं मागे चालतं, कारण उत्तरेला वेक्सफर्ड आहे आणि वेक्सफर्डकरांना बरोबर वेळ कशाला दाखवायची, असं प्लम ग्रोव्हच्या तीन पिढ्यांचं मत आहे.

"लेंगे ही दंतकथा आहे," प्रिचर्डबाई म्हणाल्या.

"माझ्या आजीनं पाहिलेत. ठिगळं होती."

मर्लनं खाकरून कागद उलगडला. "वाचतो. 'गोठ्याच्या ईशान्य कोपऱ्यापासून निघून सरळ दक्षिणेला ओढ्यापर्यंत. रेघेच्या पूर्वेचं आयलर्टला. पश्चिमेचं, घरासह, आल्माला.'" त्यानं चष्मा काढला. "तीस वर्षं मोजण्या करतोय मी. पडलेल्या ओकपासून, बुजलेल्या विहिरीपासून, 'म्हातारी घोडी पुरली तिथून', सगळ्यांपासून रेघा मारल्यात. पण गोल गोठ्याचा कोपरा मला कोणी तरी दाखवा."

"शेवटी शेवटी पपाला भ्रम झाला होता," आयलर्ट म्हणाला.

"वकिलाकडे मीच नेलं होतं गाडीतनं," आल्मा म्हणाली. "वकीलही म्हणाला, हार्म, गोठा गोल आहे, कोपरा कुठला? तर पपा म्हणतो, 'जिला ठाऊक आहे तिला विचारतील.' आता आईला जाऊन तेव्हा तीन वर्षं झालेली. वकिलानं माझ्याकडे बघून डोक्याजवळ बोट फिरवलं."

"मग सतरा वर्षं काय केलंत?" ट्रीनानं विचारलं.

"गरजच पडली नाही. शेत आयलर्टच करतो, घरात मी राहते. गोठा मध्ये."

"आता पडली," आयलर्ट म्हणाला. "कापणी-मळणीचं नवीन कंबाइन घेतलंय. त्याचं तोंड वीस फूट रुंद. गोठा आणि कुंपणाच्या मधून जात नाही. दर वेळी दीड मैल वळसा. मी काय वेडा आहे?"

यावर सगळ्यांनी चहाचा घोट घेतला.

"म्हणून मी ट्रीनाबाईंना फोन केला," प्रिचर्डबाई घाईनं म्हणाल्या. "आल्माबाई एकदा सहज म्हणाल्या होत्या, की लहानपणी शिक्षा म्हणून गोठ्यात उभं करायचे, आणि त्या जागेलाच घरात 'कोपरा' म्हणायचे."

खरंच होतं ते. घराला कोपरे होते, पण आईला पायात रडकी पोरं नको होती. गोठ्यात जागा होती, पण कोपरा नव्हता. मग पपानं तो नेमून दिला: ईशान्येच्या अंगाला भिंतीच्या एका फळीवर खडूची उभी रेघ. हा कोपरा. नाक फळीला लावून उभं राहायचं. शिक्षेला कोणी बघायला यायचं नाही. आणि सुटका कधी, तर पपा दारात येऊन म्हणेल तेव्हा. 'ये' किंवा 'माफ केलं' असं तो जन्मात म्हणाला नाही. म्हणायचा, "चहा निवतोय." की सुटलो.

"मी दोघांना विचारलं, तिथे सगळ्यात जास्त कोण उभं राहिलं," प्रिचर्डबाई सांगत होत्या. "दोघांनी एकदमच तुमचं नाव घेतलं. इतक्या महिन्यांत तेवढ्या एका गोष्टीवर त्यांचं एकमत पाहिलं मी."

"कोपरा उत्तरेच्या दाराला लागून होता," आयलर्ट म्हणाला. "मला स्वच्छ आठवतंय."

"पूर्वेच्या दाराजवळ होता," आल्मा म्हणाली.

"तुला काय ठाऊक? तू कधी उभी राहिलीस?"

"तू तरी दोनदाच. आणि दोन्ही वेळा डोळे मिटून भोकाड पसरलं होतंस."

मर्लनं एक बशी पुढे ओढली आणि तिच्यावर सुरी आडवी धरली. "हे बघा. बशी म्हणजे गोठा. कोपरा उत्तरेच्या दाराशी असेल तर रेघ अशी, गोठ्याच्या मधोमध. पूर्वेकडे असेल तर अशी, कडेची चकती कापून. मग गोठा जवळजवळ सगळा आल्माबाईंचा."

"मधोमध आली तर माझा अर्धा मी सोमवारी पाडणार," आयलर्ट म्हणाला.

"अर्धा?" प्रिचर्डबाई किंचाळल्या. "अहो, गोल गोठा आहे! अर्धा पाडल्यावर उरलेला अर्धा उभा कसा राहील?"

"तो आल्माचा प्रश्न."

सगळ्यांनी ट्रीनाकडे पाहिलं. बेचाळीस वर्षांत या घरानं तिच्याकडे काहीही मागितलं नव्हतं, आता एक रेघ मागत होतं. दोन वर्षांपूर्वी लिओ गेला तेव्हा या टेबलावरून एक कार्ड आलं होतं. छापील मजकूर, खाली तीन सह्या. वांडानं निदान 'वाईट झालं' एवढे दोन शब्द हातानं लिहिले होते. मातीला कोणी आलं नाही. दीडशे मैल लांब पडले म्हणे, आणि मका काढायचा होता. मार्च महिन्यात, शेतात बर्फ असताना.

ट्रीनानं पहिल्या कपातला शेवटचा घोट घेतला आणि कपात चमचा उभा केला.

वांडाचा एक टाका सुटला.

*

आल्मानं तिला फळीवरच्या मुरंब्यांच्या बरण्यांशी गाठलं.

"संच आजच बांधून देते. कागदात गुंडाळून, खोक्यात."

"म्हणजे खोकं सापडलं."

"ट्रीना, ऐक." आल्माचा आवाज खाली आला. "लग्न नाही केलं मी. पोर नाही. आई झोपून होती ती नऊ वर्षं मी काढली, पपाची सहा. मी गेल्यावर या काउंटीत माझं म्हणून काय राहणार? प्रिचर्डबाई पितळी पाटी लावणार आहेत. 'आल्मा हायकेन्स यांनी जतन केला.' तेवढंच मागतेय मी."

ट्रीनाला क्षणभर तिची दया आली, आणि आली म्हणून रागही आला. "त्या कोपऱ्यात मी त्रेसष्ट वेळा उभी राहिले, आल्मा. त्यातली चाळीस तरी तुझ्या चहाड्यांमुळे. नाचायला गेले, सांगितलंस. लिओची पत्रं यायची, सांगितलंस. पाटीवर तेही कोरून घे."

"मी खोटं काहीच सांगितलं नाही."

"तोच तर त्रास होता तुझा."

बाहेर पंपापाशी आयलर्ट थांबलेला होता. तो इतका सहज उभा होता की मुद्दाम उभा आहे हे रस्त्यावरूनही दिसलं असतं.

"तुला काही कमी पडू नये असं मला नेहमी वाटत आलंय," त्यानं सुरुवात केली.

"कधीपासून?"

"दर नाताळाला अर्धं डुक्कर पाठवीन. आणि स्मशानात आपल्या घराण्याच्या दगडावर जागा आहे. तुझं नाव कोरून घेऊ."

"मी अजून मेले नाहीये, आयलर्ट."

"आधी करून ठेवलेलं बरं असतं. मी माझं आणि वांडाचं करून ठेवलंय. फक्त शेवटची तारीख बाकी."

"वांडाला माहीत आहे?"

"वाढदिवसाला दाखवलं तिला."

ट्रीनाला हसू आवरेना. आयलर्टही थोडा हसला. तो लहान असताना असाच हसायचा, वरचा ओठ दुमडून, आणि त्या एका क्षणात सगळं मिटलंही असतं. पण तिनं विचारलं, "आणि लिओचं? माझ्याशेजारी?"

आयलर्टनं पंपाचा दांडा एकदा वरखाली केला. पाणी आलं नाही. "त्यांचं स्मशान वेगळं असतं ना गं," तो म्हणाला.

झालं. ट्रीनाच्या मनात जे तळ्यातमळ्यात चाललं होतं ते तिथेच थांबलं. गोठा मधोमध चिरू दे. आल्माची पितळी पाटी ढिगाऱ्यात जाऊ दे, आणि हा आयलर्ट उरलेला जन्म दारातलं भंगार उपसत बसू दे. फळी कुठली ते तिला डोळे बांधूनही सापडली असती. ती दाखवायची नाही, एवढंच करायचं होतं. उत्तरेच्या दाराशी बोट दाखवायचं, म्हणायचं 'इथे', आणि टपालपेटीपाशी जाऊन गाडीत बसायचं.

"आधी मी एकटी जाणार आत," तिनं सगळ्यांना सांगितलं. "शिक्षेला कोणी बघायला यायचं नाही."

"पाचच मिनिटं," मर्ल घड्याळ बघत म्हणाला. "ऊन उतरतंय."

*

गोठ्यात गायी नव्हत्या, पण त्यांचा वास गेला नव्हता. मधोमध चाऱ्याची उंच टाकी, तिच्याभोवती रिकाम्या दावणींचं रिंगण, आणि वरून घुमटाच्या काचांतून उतरलेलं दुपारचं ऊन. एवढी देखणी जागा आहे ही, असं तिला पूर्वी कधी वाटलं नव्हतं. पूर्वी तिनं ती पाहिलीच नव्हती. एक फळी तेवढी पाहिली होती.

खोटं बोलायचंच आहे तर आधी खरं काय ते एकदा बघून घ्यावं, म्हणून ती तिकडे गेली. पूर्वेच्या दारापासून डावीकडे दुसरी खिडकी, तिथून सातवी फळी. भिंतभर चुना मारलेला होता, जाडजूड. हे आयलर्टचं काम, पपा गेल्यानंतरच्या उन्हाळ्यातलं. तिनं गाडीची किल्ली काढली आणि कमरेच्या उंचीवर खरवडायला लागली.

चुन्याचा पापुद्रा निघाला आणि खाली तिच्या रेघा होत्या. खिळ्यानं कोरलेल्या, दर शिक्षेला एक. त्रेसष्ट. शेजारी वेड्यावाकड्या अक्षरांत 'आयलर्ट गाढव आहे', वय वर्षं नऊ. तिला बरं वाटलं. काही मतं माणसानं बदलू नयेत.

किल्ली ओढताना एक मोठा पापुद्रा वरपर्यंत सुटला आणि तिच्या खांद्यावर पडला. तो झटकायला तिनं मान वर केली.

वर, मोठ्या माणसाच्या छातीच्या उंचीवर, आणखी रेघा होत्या.

त्या खिळ्याच्या नव्हत्या. सुताराच्या जाड चपट्या पेन्सिलीच्या होत्या. चार उभ्या आणि त्यांवर एक तिरकी, पपा कणसांची पोती मोजायचा तशा. पाच जुड्या. पंचवीस. वर त्याच्या ताठ अक्षरात लिहिलं होतं: ट्रीना. १६ जून.

सोळा जून हा तिच्या लग्नाचा दिवस.

तिनं पुन्हा मोजलं. एकोणपन्नासचा जून धरून त्र्याहत्तरच्या जूनपर्यंत पंचवीस. चौऱ्याहत्तरच्या फेब्रुवारीत पपा गेला. पहिल्या रेघा सरळ, दाबून काढलेल्या. शेवटच्या जुडीतल्या थरथरलेल्या, आणि सगळ्यांत शेवटची तर फळीवरून घसरून खाली उतरलेली. म्हणजे ऐंशी वर्षांचा म्हातारा काठी टेकत इथवर आला होता, नाक फळीला लावून उभा राहिला होता, आणि उभा राहिल्याची नोंद करून गेला होता. दर वर्षी. कोणाला न सांगता. आणि त्याला 'चहा निवतोय' म्हणून सोडवायला दारात कोणी नव्हतं.

"गाढवा," ट्रीना मोठ्यानं म्हणाली. "अरे गाढवा, एक पत्र टाकायला काय झालं होतं?"

मग ती रडली. फार वर्षांनी, तोंड वेडंवाकडं करून, नाक फळीला लावून रडली. लिओ गेला तेव्हाही ती इतकी रडली नव्हती. लिओनं तिला वाट बघायला कधी लावलंच नव्हतं.

*

पाच मिनिटांची वीस झाली तेव्हा सगळे आत आले. ट्रीना भिंतीकडे तोंड करून उभी होती.

"चुना खरवडला!" प्रिचर्डबाईंनी छातीवर हात ठेवला. "अहो, हा ऐतिहासिक थर—"

"आयलर्टनं मारलाय तो, चौऱ्याहत्तर साली," वांडा म्हणाली. "उरलेल्यात कोंबड्यांचं खुराडं रंगवलं."

"मर्ल," ट्रीना वळून न बघता म्हणाली, "खुंटी आण. कोपरा हा इथे."

मर्ल जवळ गेला, चष्मा लावून वाकला, मग सरळ झाला. त्यानं टोपी काढली. नंतर आल्मा गेली. तिनं खालच्या रेघा पाहिल्या, वरच्या पाहिल्या, तारीख वाचली. पपाच्या अक्षरावर तिनं बोट ठेवलं नाही, पण अगदी जवळ नेलं.

"दर जूनमध्ये एकदा गोठ्यात जाऊन बसायचा," ती म्हणाली. "मला वाटायचं, कबुतरं मोजतोय." आणि मग तिचा चेहरा हळूहळू उतरत गेला. "जिला ठाऊक आहे तिला विचारतील."

"काय?" आयलर्ट म्हणाला.

"वकिलाला म्हणाला ना तो. जिला. मला वाटलं आईबद्दल बोलतोय. वकील हसला, मीही हसले." आल्मा ट्रीनाच्या पाठीकडे बघत होती. "आईबद्दल नव्हता बोलत तो. पाद्र्यासमोर शपथ घेऊन बसला होता की तुला उंबऱ्यात घेणार नाही. बोलावता येत नव्हतं त्याला. म्हणून मृत्युपत्रात असं काही लिहिलं, की आम्ही तुला बोलावल्याशिवाय आमचं पान हलू नये. आणि आम्ही सतरा वर्षं..." आयुष्यात पहिल्यांदाच आल्मा स्वतःची चहाडी सांगत होती.

मर्लनं फीत लावली, बाहेर जाऊन तिपाईवरच्या दुर्बिणीतून पाहिलं, परत आला. "रेघ पूर्वेच्या दाराच्या अलीकडून जाते. गोठा आल्माबाईंचा. आयलर्ट, तुझ्या वाट्याला कडेची चकती."

"केवढी?"

"एक गाय मावेल. उभी. वळायची नाही."

वांडानं तोंडावर विणकाम धरलं. प्रिचर्डबाईंनी अर्ज आणि पेन एकदमच बाहेर काढलं, आणि आल्माचा चेहरा पाहून एकदमच परत ठेवलं. आयलर्ट मात्र तिथेच उभा होता, कोरलेल्या अक्षरांकडे टक लावून.

"हे माझ्याबद्दल लिहिलंय?"

"वाचता येतंय ना तुला," ट्रीना म्हणाली.

"कधी लिहिलंस?"

"नऊ वर्षांची असताना. आज पंपापाशी पुन्हा लिहावंसं वाटलं."

त्याचे कान लाल झाले. दीड मैलाचा वळसा आता त्याच्या जन्माला लागला होता आणि हे त्याला अजून पुरतं उमजायचं होतं. पण पंपापाशी आपण काय बोललो ते मात्र उमजलं असावं. तो वळला आणि बाहेर गेला. मागोमाग एकेक करून सगळेच गेले. ट्रीना फळीशी तशीच उभी राहिली. जायला हवं होतं, गाडी रस्त्यावर होती, तोंडही बरोबर दिशेला होतं. पण पाय काही निघेनात. या जागेवरून आपल्या आपण निघायची सवयच नव्हती त्यांना.

किती वेळ गेला कोण जाणे. दाराशी बूट वाजले. आयलर्ट उंबऱ्यात उभा होता, हातात टोपी. त्यानं दोनदा घसा साफ केला.

"दगडावर दोन नावांची जागा आहे," तो म्हणाला. "मी मोजून आलो मनातल्या मनात. माहोनी नाव लांब नाहीये." मग तो थांबला, आणि जेव्हा बोलला तेव्हा आवाज पपाचा होता, तोच घोगरा, तोच रागावल्यासारखा. "ट्रीना. चहा निवतोय."

ट्रीनानं वरच्या रेघांवर तळहात टेकला.

"ऐकलंस ना, पपा?" ती म्हणाली. "चल."